शितावरून भाताची परीक्षा

श्रोतेहो, ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या आज आपल्यापुढे ठेवतो. एका थोर गणितज्ञाचा तर्क हिने खोटा पाडला, म्हणून हिची ओळख करून घ्यावयाची.

हिचे कुळ साधे आहे. ३ पासून आरंभ करा. त्यातून १ वजा करून उरेल त्याचा वर्ग करा आणि त्यात १ मिळवा; ५ येतात. तीच कृती पुढे चालविली की १७, २५७, ६५,५३७ आणि त्यानंतर आपली ही संख्या. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती स्वतः यांवाचून त्यांना दुसऱ्या कशानेही नि:शेष भाग जात नाही. फ्रान्समधील कायदेपंडित फर्मा याने १६४० साली असे मत मांडले, की या कुळातील सर्वच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले.

ब्याण्णव वर्षे लोटली. १७३२ साली ऑयलरने दाखविले, की आपल्या संख्येला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. हे त्याला कसे सापडले? ६५,५३६ च्या आत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेक घेऊन भागत बसावे तर जन्म जायचा. पण या संख्येचा मूळ अवयव असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे, हे ऑयलरने हेरले. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या खेपेस काम फत्ते!

भागाकार न करताही याची खात्री पटते. आपली संख्या म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. आता ६४० चा चौथा घात घेऊन त्यातून १ वजा करा. त्याचा एक अवयव ६४० चा वर्ग उणे १, म्हणजे ६३९ गुणिले ६४१. तेव्हा त्या वजाबाकीला ६४१ ने भाग जाणारच. परंतु ६४० म्हणजे पाच गुणिले १२८. म्हणून त्याचा चौथा घात ६२५ गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात. आणि ६२५ म्हणजे ६४१ उणे १६. तेव्हा ६४१ पट दोनाचा अठ्ठाविसावा घात यातून वरची वजाबाकी काढली, की नेमकी आपली संख्या उरते. दोन्ही राशींना ६४१ ने भाग जातो, मग त्यांच्या अंतराला का न जावा?

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. १७९६ साली गाउसने सतरा बाजूंची सुसम आकृती केवळ पट्टी व कंपासने काढता येते हे सिद्ध केले, ते याच कुळाच्या आधारे. या कुळात सहावी मूळ संख्या आजवर कोणास आढळलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सारा भात एकाच आधणात शिजलेला असतो. संख्यांना असे एक आधण नाही. तेथे पाच शिते शिजलेली निघाली, तरी सहावे कच्चे निघू शकते. म्हणून गणिती उदाहरणांवर थांबत नाही. तो सिद्धता मागतो.