सड्यावरची बेणणी

चहाचा पेला त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी चहा काठावरून सांडलाच. देवगडजवळच्या सड्यावर आंब्याच्या बागेत बेणणी चालू होती. ऑक्टोबर संपत आलेला, गवत कमरेएवढं. ग्रासकटरच्या दोन टाक्या पेट्रोल संपवून तो सावलीत टेकला होता. "हात माजोच, पण माजो वाटणा नाय," तो म्हणाला. त्या पेल्याने माझी पाठ सोडली नाही. म्हणूनच मी पुढे एका अभियांत्रिकी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पोचले. तिथे याच यंत्राची मूठ आणि पट्टा बदलून पाहत आहेत.

मुठीला पेराएवढा सेन्सर चिकटवला, दोरी ओढली, इंजिन धरलं. टेबलावरचे स्क्रू नाचायला लागले. "अडीच लक्षात ठेवा," तिथले सर मोठ्याने म्हणाले. थरथर मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. आठ तासांच्या हिशेबाने ती अडीचवर गेली की युरोपातल्या कायद्याने मालकाला उपाय करावेच लागतात. पाचच्या पुढे काम करून घेता येत नाही. आणि थरथर दुप्पट झाली तर माणसाला मिळणारा वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. मुठीवर पाच असेल तर दिवसभराचं अडीचचं माप दोन तासांतच भरतं. मला त्या दोन टाक्या आठवल्या.

इंजिन आणि दांडा यांच्यामध्ये मऊ रबर घालणं हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण पट्ट्याची आहे. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची 152 सेंटीमीटरच्या आसपास. यंत्र अडकवायचा हूक तिच्या मापाचा नसला की पातं जमिनीला टेकतं, आणि सड्यावर टेकलं की जांभ्याचा खडा उडून नडगीवर बसतो. म्हणून बागेतले गडी पायांना गोणपाट बांधतात. तेवढंच त्यांचं संरक्षण.

बायकांच्या हातात अजून विळाच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला दातेरी वैभव विळा चांगला, त्याला सारखी धार लावावी लागत नाही. पण वाकणं त्यानेही सुटत नाही. बागेत यंत्र आलं की ते पुरुषाकडे जातं, बाई मागून गवत गोळा करते. हे मला पटत नाही. कमरेचं दुखणं जिचं, यंत्र आधी तिच्या मापाचं व्हायला हवं.

सरांनी नवा पट्टा बागेवर आणला. दोन्ही खांद्यांवरून येणारा, हूक चार बोटं वर सरकवलेला. एका मावशीने तो चढवला, डोळ्यांना चष्मा लावला आणि उजवीकडून डावीकडे पातं फिरवत दोन कलमांमधली पट्टी साफ केली. गवत डाव्या बाजूला एका ओळीत पडत गेलं. ती ताठ उभी होती.

"ह्या कमरेक लागणा नाय," ती म्हणाली. मग पट्टा उतरवताना हळूच, "पण माज्या हातात देतलो कोण?"

दुपारपर्यंत तेच यंत्र त्या पहिल्या गड्याने चालवलं. चहा आला. पेला या वेळी त्याने एकाच हातात धरला. दुसरा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.