तोट्याच्या खात्यातला प्रकाश

1910 च्या सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन नागपुरात सरकारी हिशेबखात्यात अधिकारी होते. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला. अकोला-अमरावतीचा कारभारही नागपूरहूनच चाले. नोकरी सोडून संशोधनात गेलेल्या रामन यांनी 28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात दाखवून दिले, की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलून येतो.

1966 मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी काचेच्या तारेतून प्रकाशाने संदेश पाठवण्याची वाट दाखवली. 1970 मध्ये अमेरिकेत कॉर्निंगने त्या कामाजोगी तार बनवली. काच कितीही शुद्ध केली तरी थोडा प्रकाश विखुरतोच. दूरसंचारवाल्यांच्या वहीत तो निव्वळ तोटा होता.

1976 पासून मात्र उलट्या दिशेने परतणारा हाच प्रकाश तारेतले दोष शोधायला वापरात आला. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे परतीचा वेळ मोजला, की खोट नेमकी कुठे ते कळते. ऐंशीच्या दशकात रामन यांनी दाखवलेल्या विखुरणातून तापमान आणि ब्रिल्वाँ या दुसऱ्या प्रकारच्या विखुरणातून ताण मोजणे साधले. रॅले या तिसऱ्या प्रकारच्या विखुरणातून पुढे कंपनेही टिपता आली. अख्खी तारच संवेदक झाली.

आपल्याकडे 2000 साली रेलटेल ही रेल्वेची दूरसंचार कंपनी स्थापन झाली आणि रुळांच्या कडेने तारांचे जाळे पसरले. अकोला, बडनेरा ही स्थानके मुंबई-हावडा मार्गावरची, म्हणजे तार इथूनही गेली. तशाच तारेवर 2022 च्या अखेरीस ईशान्य सीमा रेल्वेने हत्तींची चाहूल टिपायला सुरुवात केली. पावलांच्या कंपनांवरून कळप रुळांजवळ आल्याचे कळते आणि गाडीचा वेग आधीच कमी करता येतो. समृद्धी महामार्गालगत अमरावती जिल्ह्यातून ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीची मुंबई-नागपूर वायुवाहिनी गेली आहे. अशा वाहिन्यांशेजारी कुणी खोदकाम केले, तर ते टिपण्यासाठीही हेच तंत्र जगभर वापरतात.

वऱ्हाडात या तंत्राला कामे पुष्कळ आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि रस्त्यांना, भिंतींना ताण देते. तार किंचित तापवून, ती किती वेगाने निवते यावरून जमिनीतली ओलही मोजता येते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात सिंचनाचे पाणी जपून द्यावे लागते. तिथे अशा मोजणीचा उपयोग उघड आहे. रुळांकडेची तार तर इथे कधीचीच पोचली आहे. तिच्यातून परतणारा प्रकाश वाचणारे यंत्र टोकाला बसवले, की याच तारेकडून दुसरे काम घेता येईल.