पद्मिनीचं इंजिन अंगणात उतरतं तेव्हा

दौलताबादच्या तटातल्या अरुंद दरवाजातून गाडी बाहेर पडली, की थोड्याच वेळात खुलताबादचा घाट लागतो. छत्रपती संभाजीनगरहून जेमतेम पंचवीस किलोमीटरचा हा रस्ता नव्या गाडीला जाणवतही नाही. जुनी प्रीमियर पद्मिनी मात्र याच चढावर आपली तब्येत सांगून टाकते. एप्रिल-मेच्या दुपारी तिच्या फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आचके देत थांबते. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि पंप निवेपर्यंत थांबायचं. हा आजार किरकोळ. चढावर मागे निळसर धूर सुटायला लागला, गाडी तापल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि जोर दिला की खालून ठकठक ऐकू यायला लागली, तर मात्र वरवरच्या कामानं भागत नाही. मिस्तरी सांगतो, ‘फुल इंजिन करावं लागेल.’ म्हणजे इंजिन गाडीतून उतरवायचं.

हे काम घरच्या अंगणात होऊ शकतं, यातच या गाडीचा मोठेपणा आहे असं मला वाटतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1954 मध्ये फियाट 1100 आली. तीच 1964 मध्ये ‘डिलाइट’ झाली, नंतर ‘प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’. लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. पत्रा बदलला, नाव बदललं, पण आतल्या इंजिनाचं कूळ फियाटच्या 1937 सालच्या 1100 गाडीपर्यंत मागे जातं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75, चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. युद्धाआधीच्या इटलीत ठरलेली ही मापं कुर्ल्यात विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालली. साठ वर्षं एक माप टिकलं, म्हणूनच तिचा पिस्टन, तिची रिंग, तिचं हेड पॅकिंग गावोगावच्या मिस्तऱ्यांच्या हाताला ओळखीचं झालं. मुंबईची काळी-पिवळी तर याच इंजिनाच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या धावली. 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. खाजगी पद्मिनी अजून आहेत, आणि जिथे आहेत तिथे हे काम जाणणारं कोणीतरी लागतंच.

तिची रचनाही या कामाला अनुकूल. इंजिन उभं, लांबीत बसवलेलं. त्यामागे क्लच, मग गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या चाकांना ताकद. 1983 च्या अखेरीस आलेल्या मारुती 800 मध्ये इंजिन आडवं गेलं, गिअरबॉक्स त्याच्या कुशीत बसला आणि पुढची चाकं गाडी ओढू लागली. जागा वाचली, पण हात घालायला वाव उरला नाही. पद्मिनीचं बॉनेट आणि रेडिएटर काढला की इंजिनाभोवती कुठूनही पाना पोचतो. संगणक नाही, सेन्सर नाहीत. मोजक्या तारा, पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची दांडी, चोकची केबल आणि पाण्याचे पाइप, एवढ्यांनीच ते गाडीला जोडलेलं असतं.

खरं कौशल्य जोर लावण्यात नाही, ते क्रमात आहे. सगळ्यात आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. स्टार्टरची जाड तार चुकून बॉडीला टेकली तर ठिणगी पडते, आणि शेजारीच पेट्रोल असतं. ऑइल गाडी थोडी फिरवून आणल्यावर, कोमट असताना काढायचं, म्हणजे गाळासकट उतरतं. रेडिएटरचं पाणी मात्र गार झाल्यावरच. डिस्ट्रिब्युटरच्या चार तारांना काढण्यापूर्वीच खूण करायची, कारण स्पार्कचा क्रम 1-3-4-2 असा आहे आणि दोन तारांची अदलाबदल झाली तरी गाडी धड चालणार नाही. आता मोबाइलवर फोटो काढून ठेवता येतात, ते काढावेतच. तरीही जुन्या मिस्तऱ्यांची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. प्रत्येक बोल्ट काढला की तो त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. डब्यात टाकलेल्या बोल्टची लांबी महिन्याभरानंतर कोणाच्या लक्षात राहते?

एग्झॉस्ट मेनिफोल्डचे नट वर्षानुवर्षं भाजून गंजलेले असतात. तिथे घाई करणाऱ्याच्या हातात तुटलेला स्टड येतो आणि हेड ॲल्युमिनियमचं असल्यानं तो बाहेर काढताना भोकाचे आटेही जातात. आदल्या संध्याकाळी त्यावर रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं, सकाळी पुन्हा सोडावं, आणि नट थोडा पुढे, थोडा मागे करत सैल करावा.

मग उचलायची वेळ. इथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. अंगणात लिंब असतो, त्याची फांदी जाड दिसते, आणि साखळी-कप्पी तिलाच बांधली जाते. फांदी आतून पोखरलेली आहे का हे बाहेरून कळत नाही. ती मोडली तर खाली वाकलेल्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. लोखंडी पाइपची मजबूत तिपाई आणावी, तिचे पाय खालून साखळीनं एकमेकांना बांधावेत म्हणजे ते फाकत नाहीत. जमीन मुरमाची असेल तर प्रत्येक पायाखाली जाड फळी द्यावी. लटकत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं, काहीही जाता कामा नये.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा असेल तर त्याच्याखाली जॅक लावून आधार द्यावा लागतो. मग हाउसिंगचे बोल्ट आणि रबरी फाउंडेशन सोडून इंजिन सरळ पुढे घ्यायचं. सरळ म्हणजे अगदी सरळ. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांमध्ये अडकलेला असतो, आणि इंजिनाचा भार क्षणभर जरी त्याच्यावर आला तरी प्लेट वाकते. शाफ्ट सुटला की साखळी हळूहळू ओढत इंजिन वर घेतात. तिपाई जागची हलत नाही. हँडब्रेक सोडून दोघेजण गाडीच मागे ढकलतात आणि इंजिन हवेत तसंच राहतं. मग ते लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचं.

पुढचं काम अंगणातलं नाही. सिलिंडरचं बोरिंग, क्रँक घासून नव्या मापाची बेअरिंग बसवणं यासाठी ब्लॉक संभाजीनगरला न्यावा लागतो. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींनी, 1985 पासून बजाजच्या वाळूज कारखान्यानं, या शहरात सूक्ष्म मापात काम करणारे हात घडवले. नीट मोजून, नव्या पिस्टनच्या मापाला जुळवून बोअर करून देणारा माणूस मिळणं ही या भागातल्या जुन्या गाडीवाल्याची खरी श्रीमंती.

ब्लॉक शहरात न्यायच्या आधी त्यावरचा इंजिन नंबर वाचून आरसी बुकाशी ताडून पाहावा. 2021 मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असलेली. त्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. त्यामुळे कंटाळून दुसरंच डिझेल इंजिन बसवण्याचा मोह टाळलेला बरा. मूळ ब्लॉकला अजून एक बोअर झेपत असेल तर तोच वाचवावा.

परत बसवताना क्रम उलटा, फक्त क्लच प्लेट आधी मध्यावर आणावी लागते. त्यासाठी मिस्तरी एखाद्या निकामी गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट जपून ठेवतात. तो आत घालून प्लेट जुळवतात आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळतात. इंजिन सुरू झालं तरी पहिले काही दिवस घाटात ते पिळायचं नाही, चढ लागला की लगेच खालचा गिअर टाकायचा. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक लोखंडी, दोन्ही तापल्यावर सारखे फुगत नाहीत. म्हणून थोडं चालवून झाल्यावर, इंजिन पूर्ण गार असताना, हेडचे नट मधून सुरुवात करत बाहेरच्या बाजूला पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.