उद्यान आणि आधुनिकतावादी वास्तुकला : इबिरापुएराचे छत

उद्यान म्हटले की झाडे, हिरवळ आणि पायवाटा डोळ्यांसमोर येतात. मग उद्यानात काँक्रीटचे मोठे बांधकाम करणे योग्य ठरते का? ब्राझीलमधील साओ पावलो शहराच्या इबिरापुएरा उद्यानाच्या आधारे आपण हा प्रश्न समजून घेऊ.

शहराच्या स्थापनेला ४०० वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त १९५४ मध्ये हे उद्यान खुले झाले. त्यातील इमारतींचा आराखडा वास्तुविशारद ऑस्कार नीमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. प्रदर्शनाच्या इमारती एकमेकींपासून दूर ठेवून त्या एका लांब, वळणदार छताने जोडल्या. या छताला 'मार्कीझ' म्हणतात.

आधुनिकतावादी वास्तुकलेची तीन वैशिष्ट्ये येथे दिसतात :

१. रचना : छताचा भार सडपातळ खांबांवर असल्याने भिंतींची गरज उरत नाही.

२. आकार : काँक्रीट साच्यात ओतले जात असल्यामुळे छताला मुक्त वळणे देता येतात.

३. साधेपणा : नक्षीकाम नाही, रचना हेच सौंदर्य.

मात्र खरे महत्त्व उपयोगाचे आहे. छताखालच्या काही भागात आधुनिक कला संग्रहालय आहे. बाकीच्या मोठ्या भागाला ठरावीक काम नेमून दिलेले नाही. तेथे तिकीट लागत नाही. ऊन-पावसात लोक आसऱ्याला थांबतात, मुले स्केटिंग करतात. काम नेमलेले नाही, म्हणूनच ती जागा सर्वांची झाली.

पुढे यावरूनच वाद झाला. मूळ कल्पनेतील सभागृह २००५ मध्ये सुरू झाले. सभागृह आणि 'ओका' ही घुमटाकार इमारत यांच्यामध्ये मोकळे प्रांगण हवे, म्हणून छताचा काही भाग काढावा, असे खुद्द नीमायर यांचे मत होते. परंतु छताला वारसा म्हणून संरक्षण मिळालेले होते. परवानगी मिळाली नाही. एकदा लोकांनी वापरात आणलेली सार्वजनिक वास्तू केवळ तिच्या रचनाकाराची राहत नाही, हे यातून लक्षात येते.

थोडक्यात, उद्यानातील इमारतीचे मूल्यमापन करताना तिने किती हिरवळ व्यापली हे पाहावेच. पण तिने कोणाला थांबायला जागा दिली, हेही पाहावे.

स्वाध्याय : तुमच्या शहरातील एखाद्या उद्यानात जा. तेथील बांधकामाखाली पैसे न देता, कोणी न हटकता किती वेळ बसता येते, याची नोंद करा.