छोट्या इंजिनाचे खाणेपिणे

पावसाळा सरत आला की नवी मुंबईच्या बागांत आणि रस्त्यांच्या कडेला गवत गुडघाभर वाढते. मग सकाळीच 'घर्रर्र' असा आवाज ऐकू येतो. खांद्याला पट्टा अडकवून यंत्राने गवत कापणारे माळीकाका तुम्ही पाहिले असतील. अशा पुष्कळ यंत्रांना लहानसे टू-स्ट्रोक इंजिन असते. पूर्वीच्या लूना मोपेडलाही अशाच प्रकारचे इंजिन होते.

हे इंजिन वजनाला हलके असते आणि त्यात तेलाची वेगळी टाकी नसते. मग आत वेगाने वरखाली होणाऱ्या पिस्टनला तेल कोठून मिळते? ते पेट्रोलमधूनच मिळते. म्हणून पेट्रोलमध्ये 'टू-टी' तेल मिसळावे लागते. काही यंत्रांना 1 लीटर पेट्रोलला 20 मिलिलीटर तेल लागते, तर काहींना 40 मिलिलीटर. नेमके प्रमाण यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. तेल कमी पडले तर पिस्टन तापून जाम होतो. तेल जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. मिश्रण अंदाजाने न करता मापाने करावे. ते वेगळ्या डब्यात, मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. 2025 साली हे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. नवी मुंबई खाडीच्या काठी वसलेली आहे. येथील हवा दमट असते. टाकीत पेट्रोल फार दिवस राहिले आणि त्यात पाणी वाढले, तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. इंजिनाची नळी तळाकडूनच पेट्रोल ओढते! म्हणून लागेल तेवढेच मिश्रण करावे, झाकण घट्ट लावावे आणि यंत्र बरेच दिवस ठेवायचे असल्यास टाकी रिकामी करावी. आपल्या यंत्राला किती इथेनॉल चालते, हेही पुस्तिकेत पाहावे.

आता फिल्टर पाहू. टाकीतील नळीच्या टोकाला एक छोटा फिल्टर असतो. तो पेट्रोलमधील कचरा अडवतो. तो तुंबला की यंत्र सुरू होते, पण जोर देताच बंद पडते. दुसरा फिल्टर हवेचा. तो धुळीने भरला की इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही. यंत्र धूर सोडते आणि त्याची ताकद कमी होते. स्पंजाचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. कागदाचा मात्र धुऊ नये. तो खराब झाला की बदलावा.

काही जण म्हणतात, "फिल्टर काढूनच टाकू, यंत्र जोरात चालेल!" थोडा वेळ ते चालेलही. पण बारीक धूळ आत जाऊन पिस्टन आणि सिलिंडर घासून टाकते. मग थोड्या पैशांच्या फिल्टरऐवजी मोठ्या दुरुस्तीचा खर्च येतो. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाचे यंत्र बंद पडले तर त्याची त्या दिवसाची कमाईही बुडते.

म्हणून मित्रांनो, यंत्र लहान असले तरी त्याची काळजी लहान समजू नये. मापात तेल, ताजे पेट्रोल आणि स्वच्छ फिल्टर मिळाले, तर हे छोटे इंजिन आपल्या धन्याला वर्षानुवर्षे साथ देते.