भूकंप आणि सड्यावरचे गवत

भूकंप म्हटला की पडलेली घरे, ढिगारे आणि उघड्यावर आलेली माणसे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि ते साहजिकच आहे. मृतांची गणती होते, घरांचे पंचनामे होतात, नुकसानभरपाईचा हिशेब लागतो. परंतु ज्या डोंगराच्या पोटात भूकंप होतो त्याच डोंगराच्या माथ्यावर गवत असते, रानफुले असतात. त्यांचा पंचनामा कोण करणार? 'जमीन हलल्याने गवत कसले मरते?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. गवताला भिंत नाही की छप्पर नाही. तथापि गवत ज्या मातीवर आणि ज्या पाण्यावर जगते, त्या दोहोंची व्यवस्था भूकंप बदलू शकतो.

आपल्याला जवळचे उदाहरण कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, कोयनानगर परिसरात ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, मुंबई-पुणेही हादरले. निपाणीपासून हे ठिकाण सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर. कोयना धरण १०३ मीटर उंच. १९६२ पासून त्याच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि त्यानंतर धक्के जाणवू लागले. साठलेल्या पाण्याचा भार, आणि खडकांच्या भेगांत झिरपून वाढणारा पाण्याचा दाब, यांमुळे आधीच ताणलेला खडक सरकतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. आजवर तेथे ५ किंवा त्याहून अधिक क्षमतेचे वीसाहून जास्त धक्के बसले आहेत.

आता या भूमीच्या माथ्यावर काय आहे ते पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर ठिकठिकाणी सपाट पठारे आहेत. कोकणाकडे त्यांना सडा म्हणतात. कोयनानगरच्या उत्तरेस पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर, कासचे प्रसिद्ध पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासचाही समावेश आहे. आपल्या बाजूला पन्हाळ्याजवळचे मसाई पठार, आंबोली, चंदगड आणि चोर्ला घाटाचे सडे याच कुटुंबातले. काळ्या बेसाल्ट खडकावर जांभ्याचे कठीण कवच, आणि त्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. मोठ्या झाडाची मुळे येथे शिरत नाहीत, म्हणूनच गवताचे आणि छोट्या फुलांचे राज्य आहे. पावसाळ्यात उथळ डबकी साचतात. त्यांत वायतुरा उगवतो. ओलसर कातळावर गेंद, सीतेची आसवे आणि कीटक पकडणारा दवबिंदू दिसतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते.

भूकंपाचा परिणाम येथे तीन वाटांनी होतो.

पहिली वाट उताराची. सपाट पठारावर हादरा बसला तर गवत जागचे हलत नाही. परंतु डोंगराच्या धारेवर आणि कड्याच्या काठावर हादरा अधिक तीव्र होतो. तेथील कडे कोसळतात, उतारावरची माती सुटते, आणि मातीबरोबर गवताचा थरही घसरतो. म्हणजे एकाच डोंगरावर मधले पठार जसेच्या तसे आणि कडेचा उतार मात्र उघडा, असा प्रकार होतो.

दुसरी वाट पाण्याची. सड्यावर पडलेले पाणी जांभ्यातून झिरपते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि काठाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. भूकंपाने भेगा रुंदावल्या वा बुजल्या, तर झरे आटतात किंवा भलतीकडे फुटतात. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून पाणी उसळले होते, हे प्रसिद्धच आहे. सड्यावरच्या डबक्याला तडा जाऊन ते पंधरा दिवस आधी आटले, तर त्यातल्या वनस्पतीला बी धरण्यास अवधी उरत नाही. तिची जागा कोरड्यात तगणारे गवत घेते. वरवर पाहणाऱ्याला हिरवळ तीच दिसते; आतला समाज मात्र बदललेला असतो.

तिसरी वाट मोकळ्या जागेची. दरडीने उघडी पडलेली जमीन रिकामी राहत नाही. आधी वाऱ्याने येणारे हलके बी रुजते, मग गवत, मग झुडपे. आजूबाजूला स्थानिक गवत असेल तर ते परतते. रानमोडी किंवा घाणेरी जवळ असेल तर तीच आधी ठाण मांडते. दरडीनंतर कोण येणार हे शेजारी कोण आहे यावर ठरते.

यात ऋतूचेही महत्त्व आहे. १९६७ चा मोठा धक्का डिसेंबरात बसला. त्या दिवसांत सड्यावरची बहुतेक रोपे वाळलेली असतात. त्यांचे बी आणि कंद मातीत निजलेले असतात. उतारही तुलनेने कोरडे असतात. हाच हादरा भर श्रावणात, पाण्याने फुगलेल्या मातीला बसता तर दरडी कितीतरी अधिक कोसळल्या असत्या. याउलट, कोरड्या ऋतूत सैल झालेला उतार पुढच्या पावसाची वाट पाहत राहतो. चीनमधील सिच्वान प्रांतात १२ मे २००८ रोजी प्रचंड भूकंप होऊन हजारो दरडी कोसळल्या. २०१० च्या ऑगस्टात अतिवृष्टी झाली तेव्हा त्याच सुट्या राडारोड्याचे लोंढे खाली आले. तेव्हा भूकंपाचे नुकसान एका दिवसात मोजून संपत नाही. हिमालयात तर याहून कठीण. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात बर्फ आणि दगडांच्या लोंढ्याखाली लांगटांग गाव गाडले गेले. याकपालनावर जगणाऱ्या अशा खोऱ्यात कुरण गेले म्हणजे पोट गेले. उंचीवर थंडीमुळे वाढीचे महिने थोडे, म्हणून जखम भरण्यासही वर्षे अधिक.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला हा सारा व्यवहार जमाखर्चाच्या भाषेत समजतो. माती हे भांडवल. ते जमण्यास शेकडो वर्षे लागतात. मातीत निजलेले बी ही ठेव. शास्त्रज्ञसुद्धा तिला बीजपेढीच म्हणतात. भूकंपाने उतारावरचे भांडवल काही ठिकाणी बुडते, पण मधल्या पठारावरची ठेव शाबूत राहते आणि तिच्या व्याजावर बुडालेली जागा हळूहळू सावरते. हा घसारा झाला, दिवाळे नव्हे. सह्याद्रीची गवताळ पठारे अनेक हादरे सोसून आजपर्यंत टिकली, त्याचे मर्म येथे आहे.

दिवाळे निघते ते मूळ ठेवच मोडली तेव्हा. आपल्या भागातील मंडळींना हे वेगळे सांगायला नको. राधानगरी-चंदगडकडच्या पठारांतून बॉक्साइट काढले गेले. ते बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याच्या कामी आले. त्यातून रोजगार मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बॉक्साइट काढणे म्हणजे सड्याचे कवचच उचलणे. भूकंप कवचाला तडा देतो. खाण कवच नेते. पुढे खड्डा भरून वर झाडे लावली तरी डबके, कातळ आणि वीतभर मातीची ती जुनी मांडणी परत येत नाही. झाडे वाढतील, पण वायतुरा कोठे उगवणार? शिवाय काठ पोखरलेल्या डोंगराला पुढचा धक्का बसला, तर तो अधिक सहज ढासळणार, हे सांगण्यास भूशास्त्रज्ञ नको.

भूकंप हा शब्द मराठीत आणि कन्नडात एकच आहे. कुरणाला मात्र कन्नडात सुंदर शब्द आहे: हुल्लुगावलु. हुल्लु म्हणजे गवत आणि कावलु म्हणजे राखण, राखलेले गवत. आपल्या राखीव कुरणामागची कल्पनाही तीच. भूकंप थांबवणे कोणाच्याही हाती नाही. पण धक्क्यानंतर डोंगर पुन्हा हिरवा व्हावा यासाठी जी ठेव लागते, ती राखणे दोन्ही भाषांच्या माणसांच्या हाती आहे. हिशेब शिकणाऱ्यांनी तरी मुदलाला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा.