शून्यापासून ६५,५३५ दारं

ग्वाल्हेरच्या किल्ल्याची पूर्वेकडची चढण चढताना वाटेत चतुर्भुजाचं छोटं देऊळ लागतं, खडकातच कोरलेलं. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात बागेचं एक माप आहे, २७० हात, आणि त्यातलं शून्य अगदी आपल्यासारखं वाटोळं! ते पाहिलं की मला लॅपटॉप आठवतो. त्याचीही दारं शून्यापासून मोजतात, ० ते ६५,५३५. संगणकवाले त्यांना पोर्ट म्हणतात.

फायरवॉल हा या दारांवरचा पहारा. आतून कोण, कुठल्या दारानं, कुठल्या पत्त्यावर गेलं, हे तो ध्यानात ठेवतो. तिथूनच, त्याच दाराशी उत्तर आलं तर आत घेतो. न बोलावता कुणी ठोठावलं तर आतून हूं की चूं नाही. हे सगळं आपण एखादं पान उघडतो तेवढ्यात, डोळ्याचं पातं लवायच्या आत!

हा पहारा फसतो का? फसतो. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमची माणसं कापूस भरलेले लोकरी जोडे घालून, शिड्या लावून महादजी शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यात उतरली. दरवाज्यांना त्यांनी हातही लावला नाही. वाट दाखवायला कड्याची खडान्‌खडा माहिती असलेले वाटाडे होते. ईमेलमधली फाईल आपणच उघडली की असंच होतं. आत आलेला प्रोग्राम ब्राउझरच्या आडून बाहेर बोलतो, आणि पहारेकऱ्याला तो घरचाच वाटतो.

पण म्हणून भिंत कुचकामी ठरत नाही. ती तशी असती तर महादजींनी १७८३ मध्ये तोच किल्ला परत घेतला नसता. आणि ऑगस्ट २००३ मधला ब्लास्टर वर्म हा उपद्रवी प्रोग्राम पाहा: १३५ नंबरच्या दारानं तो संगणकात आपसूक शिरायचा, कुणी काही उघडायची गरजच नाही. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण मुळात बंद ठेवलेली! पुढच्या वर्षी, सर्व्हिस पॅक २ पासून, ती आपोआप चालू राहू लागली.

स्टेशनवरच्या वाय-फायला लॅपटॉप जोडला की सेटिंग्जमध्ये ठरवता येतं, हे नेटवर्क खासगी की सार्वजनिक. मी ‘सार्वजनिक’ निवडते. त्याच वाय-फायवरच्या अनोळखी लॅपटॉपांना माझी दारं मग बंद दिसतात.